मात्रा मोजणारी

म्हैसूर, ४ ऑक्टोबर १९९६

अण्णा,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे आणि आतलंही. अप्पांनी सांगून लिहवून घेतलेलं यात काही नाही, तेव्हा वाचायला हरकत नाही.

युगादीची चार कार्डं सोडली तर अकरा वर्षांत मी तुला लिहिलं नाही, आणि आज लिहितेय तेही काम निघालं म्हणून. लाज वाटते, पण विचारायला दुसरं कुणी नाही. पुट्टस्वामी मास्तरांचा भाचा मंगळूरला असतो ना, तो सांगत होता की तू तिथल्या इस्पितळात लोकांना नळीत फुंकायला लावतोस आणि यंत्र त्यांचा श्वास कागदावर काढतं. ऐकून मला हसू आलं आणि मग नाही आलं.

काम असं. आपल्या योगशाळेत एक वयस्कर गृहस्थ येतात. ऐंशीला टेकलेत. साधना जुनी, अंग काटक. गेले तीन-चार महिने त्यांच्या श्वासात मला काहीतरी वेगळं दिसतंय. दुपारी जेवणानंतर ते आरामखुर्चीत डोळे मिटून बसतात. श्वास आधी बारीक असतो. मग तो वाढत जातो, मोठा होतो, इतका मोठा की पलीकडच्या खोलीत ऐकू यावा. मग पुन्हा उतरत उतरत लहान होतो आणि थांबतो. पूर्ण थांबतो. वीस सेकंद, कधी पंचवीस. मग जणू काही झालंच नाही असा परत सुरू होतो.

बाकीचे विद्यार्थी म्हणतात, हा केवलकुंभक. न धरता, न ठरवता आपोआप थांबलेला श्वास. तुला मी काय सांगू, आपण लहानपणापासून ऐकलंय की हजारात एकाला आणि तेही सगळं आयुष्य घालवल्यावर तो साधतो. त्यामुळे सगळे खूश आहेत. मीही खूश आहे. फक्त एक शंका म्हणून विचारते. तुझ्या त्या कागदावर असा श्वास कधी उमटलेला तू पाहिला आहेस का? आणि पाहिला असलास, तर ती माणसं कोण होती?

त्यांच्या घरचे लोक विचारायला बिचकतात, म्हणून मी लिहिते.

फोन करू नकोस. तो अजून दिवाणखान्यातच आहे.

मंगळा


म्हैसूर, १५ ऑक्टोबर

अण्णा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. तीन प्रश्न आणि शेवटी, ‘आरामखुर्ची योगशाळेत केव्हापासून आली?’

बरं. अप्पाच आहेत.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. पाय सुजतात, संध्याकाळी जास्त. घोट्याच्या वर बोटानं दाबलं तर खड्डा राहतो. मी पाय चेपायच्या निमित्तानं दाबून पाहिलं. उशा दोन होत्या, भाद्रपदापासून तीन झाल्यात. म्हणतात, आडवं पडलं की पाठीला रग लागते. जिना चढताना मधे थांबतात आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत उभे राहतात. तो फोटो आजोबांचा आहे, साठ वर्षं तिथेच आहे, त्यात बघण्यासारखं नवं काही नाही.

मी एकदा विषय काढला होता. तुझ्या कार्डाच्याही आधी. म्हटलं, अप्पा, पाय जरा सुजल्यासारखे वाटतात.

“दिवसभर उभं राहून तुमच्या लोकांच्या कमरा सरळ करतो. सुजणार नाहीत तर काय नाचणार?”

“डॉक्टरांनी एकदा नुसतं बघितलं तर...”

“डॉक्टरनं काय बघायचं? तो मिनिटाला अठरा श्वास घेतो, मी सहा. कुणी कुणाला तपासायचं, सांग.”

 घरात माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. पुट्टस्वामी मास्तर आठवतात ना, महाराजांच्या वेळच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, ते आता रोज दुपारी अप्पांच्या समोर जमिनीवर बसतात. हातात मनगटी घड्याळ, मांडीवर वही. श्वास थांबला की सेकंद मोजतात आणि लिहितात. परवा मी भांडी उचलायला आत गेले तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, “हळू. गुरुजी वर गेलेत.”

“वर म्हणजे कुठे?”

“वर म्हणजे वर, मंगळाक्का. तुम्ही आपल्या साराला फोडणी द्या, हे तुम्हाला नाही कळायचं.” मग वही दाखवली. “गेल्या महिन्यात बावीस होते, आज सव्वीस. प्रगती आहे.”

अण्णा, मी ती वही वाचली आणि माझ्याही मनात पहिल्यांदा अभिमानच आला. हे तुला सांगायला हवं. तीन महिने मी दाराआडून बघत होते आणि मला वाटत होतं की आपल्या घरात काहीतरी मोठं घडतंय.

आठ डिसेंबरला, रविवारी, अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. पत्रिका छापून आल्या आहेत. अप्पांच्या नावाआधी ‘केवलकुंभकसिद्ध’ असं सोनेरी अक्षरात आहे. दरवर्षी वर्धापनदिनाला करतात तसं त्या दिवशीही सगळ्यांसमोर सोळा, चौसष्ट, बत्तीस करणार आहेत. सोळा मात्रा पूरक, श्वास आत; चौसष्ट मात्रा कुंभक, आत धरलेला; बत्तीस रेचक, बाहेर. दोनशे लोक येणार.

कार्डाच्या कडेला तू आडवं लिहिलंस, ‘आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरकडे ने.’ आजच्या आज म्हणजे कसं, ते मात्र लिहिलं नाहीस.

मंगळा


म्हैसूर, २ नोव्हेंबर

अण्णा,

तुझं पत्र आलं. यावेळी दोन पानं, आणि बरीचशी माझ्यावर चिडून. खरं आहे. मी दोन आठवडे घालवले. दसरा आला, पाहुणे आले, अप्पांना बरं वाटत होतं. ही कारणं झाली. मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती आणि ती न सांगता डॉक्टरचा विषय मला नीट काढता येत नव्हता.

मी लबाडीनं मोजते.

तू गेल्यावर मोजणाऱ्याचा पाट माझ्याकडे आला, हे तुला कळलं असेल. पहिली सहा-सात वर्षं मी तू मोजायचास तसंच मोजलं. तळवा गुडघ्याभोवती पूर्ण फिरवायचा, घाई नाही, रेंगाळणं नाही, आणि एक चुटकी. एक मात्रा. नजर स्वतःच्या गुडघ्यावर, धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. हा नियम का आहे ते मला चार वर्षांपूर्वी कळलं, कारण त्या वर्धापनदिनाला मी वर बघितलं. पन्नासावी मात्रा चालू होती. अप्पांची हनुवटी छातीत गच्च होती आणि कानाच्या कडा काळसर निळ्या दिसत होत्या. माझा हात आपोआप लवकर फिरला. पन्नास ते चौसष्ट मी कशा संपवल्या, माझं मला माहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, “आज सोपं गेलं.”

पुढच्या वर्षी मी चाळिसाव्या मात्रेपासूनच हात चालवला. त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्यापासून. एकदम फरक जाणवू नये म्हणून सकाळच्या वर्गातही मी थोडं थोडं जलद मोजायला लागले. आता सगळ्या शाळेचीच मात्रा आखूड झाली आहे. पुट्टस्वामी मास्तर चाळीस मात्रांचा कुंभक करतात आणि घरी जाऊन बायकोला सांगतात. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. तुझ्या जुन्या हातानं चौसष्टांना एकशेदहा सेकंद लागायचे. गेल्या वर्षी माझ्या हातानं बावन्न लागले.

आसनात खोटं करता येत नाही. पाय डोक्यामागे गेला की गेला, नाही तर नाही. श्वास मात्र कुणाला दिसत नाही. तो फक्त मोजणाऱ्याच्या हातात असतो. अप्पा आपल्याला सांगायचे ना, प्राणायाम म्हणजे श्वासावर मिळवलेली सत्ता नव्हे, स्वतःचा श्वास जसा आहे तसा कळणं. चार वर्षं मी त्यांना तो कळू दिला नाही. त्यांची ताकद निम्म्यावर आली आणि त्यांना वाटतंय की ती वाढली. म्हणून ते डॉक्टरला हसतात. त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं बरोबरच आहे.

हे मी मायेनं केलं असं मी स्वतःला सांगत आले. तूही तसंच म्हणशील बहुतेक. आज मला ते तितकंसं पटत नाही.

आता मी काय करू? आठ तारखेला खरं मोजलं तर ते अर्ध्यावर कोसळतील. खोटं मोजलं तर कदाचित निभेल आणि दुसऱ्या दिवशीपासून ते आणखी जोरात करायला लागतील. झोप येत नाही. वर्गात नाडीशोधन शिकवताना माझीच नाकपुडी चुकते.

मंगळा


म्हैसूर, १९ नोव्हेंबर

अण्णा,

मी अप्पांना सांगितलं.

सकाळचा वर्ग सुटला होता. अप्पा परसात नाक धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून कॉफीची वाट बघत होते. मी लोटा पुढे केला आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं. सगळं. चार वर्षं, निळे कान, बावन्न सेकंद. त्यांनी लोटा खाली ठेवला. म्हणाले, बस. मोजून दाखव. आधी तुझ्या हातानं, मग सदाच्या.

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी खाली बसले. मी माझ्या हातानं दहा मोजल्या, मग तुझ्या हातानं दहा. ते डोळे मिटून ऐकत होते. श्वास धरला नव्हता, नुसतं ऐकत होते.

“चार वर्षं?”

“हो.”

“मला म्हातारा ठरवलंस,” ते म्हणाले, “आणि मलाच सांगितलं नाहीस.”

कॉफी तशीच गार झाली. मग मी पाय धरले. म्हटलं, आता तरी डॉक्टरकडे चला, आणि आठ तारखेचा कार्यक्रम आरतीवर भागवू. ते म्हणाले, कार्यक्रम होईल. पत्रिकेत जे छापलंय ते करणार. चौसष्ट म्हणजे चौसष्ट, आणि खऱ्या.

“अप्पा, जीव जाईल.”

“गेला तर मोजून जाईल.”

मास्तर तेवढ्यात आले होते आणि दारात चपला काढताना त्यांनी अर्धवट ऐकलं होतं. म्हणाले, “गुरुजी, मंगळाक्का दमल्या असतील तर मी मोजतो. माझ्याकडे घड्याळ आहे.”

“तुम्ही?” अप्पा म्हणाले. “तुम्ही सव्विसाव्यालाच पेढे वाटायला उठाल.” मग माझ्याकडे न बघता, “सदाला लिही. म्हणावं, मोजायला ये. त्याला माझी दया यायची नाही. तो बरोबर मोजेल.”

हा निरोप. जसा सांगितला तसा लिहिला.

आता माझं. यायचं की नाही हे तू ठरवण्याआधी तुला एक गोष्ट माहीत असायला हवी. ती वाचून तू आला नाहीस तरी मी समजेन.

तुझा तो दम्याचा पंप अप्पांच्या हाती कसा लागला, हे तू कधीच विचारलं नाहीस. वर्गात बारा जणांसमोर त्यांनी तो तुझ्या पाटावर ठेवला, त्याला फूल वाहिलं आणि म्हणाले, आजपासून हे तुमचे गुरू, यांना श्वास डब्यातून येतो. तू उठलास, पंप उचललास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. तुला वाटलं असेल, त्यांनीच पिशवी उचकटली. त्यांनी नाही. पंप तुझ्या सतरंजीच्या घडीत मला सापडला आणि मी तो नेऊन त्यांना दिला. तेव्हा मी त्यांना म्हणाले होते, काळजी वाटते म्हणून देते.

काळजी नव्हती, अण्णा. मी तुमकूरहून नवऱ्याचं घर सोडून परत आले होते. दोन वर्षं तुमच्या सगळ्यांच्या कॉफीचे लोटे विसळत होते. तुझ्याइतकाच प्राणायाम मला येत होता, आणि खरं सांगायचं तर जास्त येत होता, कारण मला दमा नव्हता. पण मोजणाऱ्याच्या पाटावर बाईमाणूस बसत नाही, असं होतं. तू गेल्यावर दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून बसलं. मला तो पाट हवा होता. त्यासाठी मी तुझा श्वास नेऊन दिला.

तू यावंस असं मला वाटतं. येऊ नयेस असंही वाटतं, कारण मोजणाराच नसला तर अप्पांना कदाचित कार्यक्रम सोडावा लागेल. दिवसातून दहा वेळा मी बाजू बदलते.

आणि आलास, तर हात जोडून सांगते, लवकर मोज. मी मोजायचे तसं. कुणाला कळणार नाही.

मंगळा


म्हैसूर, १ डिसेंबर

अण्णा,

बारा दिवस झाले. उत्तर नाही. मंगळूरचं टपाल दोन दिवसांत येतं, तीन फार झाले. घाटात दरड कोसळली का म्हणून मी पेपरात बघितलं. नाही कोसळली.

काल अप्पांचा श्वास एकतीस सेकंद थांबला. मास्तरांनी आकडा लिहिला आणि प्रगती वगैरे न म्हणता वही मिटली. जाताना मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून म्हणाले, “मंगळाक्का, केवलकुंभकात ओठ असे होतात का हो?” मी म्हटलं, मला काय विचारता, मला फोडणीतलं कळतं.  त्यांचे डोळे भरले होते.

अप्पा रोज संध्याकाळी विचारतात, काही आलं? मी नाही म्हणते. ते हं म्हणतात.

मागच्या पत्रातली शेवटची ओळ मी मागे घेते, असं लिहायला बसले होते. पण नाही घेत. तुला योग्य वाटेल ते कर, असं म्हणण्याइतकी मी अजून चांगली झालेली नाही.

मंगळा


म्हैसूर, २२ डिसेंबर

अण्णा,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. अप्पांना वाचून दाखवलं. बसायला जागा मिळाली होती का म्हणून विचारत होते.

तू इथे होतास, तरी तुला सगळं दिसलं नाही. तू नियम पाळलास आणि सगळा वेळ स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिलास. म्हणून तुला न दिसलेलं मी लिहून ठेवते.

शनिवारी दुपारी तू फाटकातून आत आलास तेव्हा मी गच्चीवर मिरच्या पालथ्या घालत होते. आधी केस ओळखले नाहीत, इतके पांढरे झालेत. खोकल्यावरून ओळखलं. खाली येईपर्यंत तुमचं बोलणं सुरू झालं होतं. दोन दिवसांत तुमच्यात सहा-सात वाक्यं झाली असतील. त्यातली पहिली मी जिन्यात उभी राहून ऐकली.

“आलास. दमा कसा आहे?”

“आहे.”

“ते यंत्र?”

“खिशात आहे.”

“असू दे.”

मग तू तुझी अट सांगितलीस. मोजीन, पण खरं मोजीन, आणि आकडा काहीही येवो, सोमवारी माझ्याबरोबर इस्पितळात यायचं. मला वाटलं, आता भडकणार. अप्पा म्हणाले, “चौसष्ट आला तरी?” तू म्हणालास, “चौसष्ट आला तर मी पेढे आणीन.” आणि अप्पा हसले. अकरा वर्षांत मी त्यांना कधी हसवू शकले नाही, आणि तू येऊन दहा मिनिटांत. मला राग आला. तोही लिहून ठेवते.

रविवारी सोळा मात्रा पूरक झाला तेव्हा मी खांबाला टेकून उभी होते. तुझा हात संथ होता. इतका संथ की पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना माझ्या मात्रेची सवय. पाचव्या चुटकीपर्यंत मी मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या. आठव्याला म्हटलं, अण्णा, पाया पडते. अप्पांच्या मानेची शीर उडत होती. मला दिसत होतं की ते ऐकतायत. माझ्या चुटकीच्या वेळी ते कधी ऐकायचे नाहीत. ती त्यांना पुढे ढकलायची आणि ते जायचे. तुझी नुसती शेजारी बसल्यासारखी होती.

बाराव्याला त्यांनी भुवई उचलली, जसं कुणी नीट बघायला चष्मा वर करतं. चौदा. पंधरा. चेहऱ्यावर ओढ नव्हती. आश्चर्य होतं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना आतून दिसलं. सतराव्या चुटकीला त्यांनी हनुवटी वर केली आणि श्वास सोडला. धपकन नाही. बत्तीस जमले नाहीत, पण नियमानं, नाकानं, शेवटपर्यंत. तू हात थांबवलास आणि तरीही वर बघितलं नाहीस.

 मग अप्पाच बोलले. “सतरा. आजचा माझा श्वास सतरा मात्रांचा आहे. मास्तर, वहीत लिहा, आणि पानं वाढायला सांगा. चित्रान्न गार होतंय.”

हे शेवटचं तू ऐकलंस. पण ते बोलताना त्यांचा डावा हात तुझ्या पाटाच्या कडेवर होता, हे तुला दिसलं नसेल. तुला लागला नव्हता. कडेवर होता.

सोमवारचं सगळं तुला माहीतच आहे. त्यानंतरचं सांगते. औषधं सुरू आहेत. अंगातलं पाणी काढायच्या गोळीमुळे सकाळचा वर्ग दोनदा सोडून उठावं लागतं, त्यावरून रोज एक शिवी ठरलेली. पायांची सूज उतरली. उशी एक कमी झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, ते तरुण होणार नाही, पण सांभाळलं तर चालेल. किती चालेल ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मास्तर त्यांची वही घेऊन गेले होते. डॉक्टरांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, तीन महिन्यांची इतकी नीट नोंद मला आजवर कुणी आणून दिली नाही. मास्तर बाहेर येऊन बाकावर बसले आणि रुमालात तोंड घालून रडले.

पंपाबद्दल तू शेवटपर्यंत बोलला नाहीस. बसच्या पायरीवर उभा राहून एवढंच म्हणालास, “मंगळे, पाट तुझाच ठेव. हात मात्र सुधार.” ही क्षमा होती का, मला माहीत नाही. मी रोज सकाळी घड्याळ लावून हात सुधारते आहे. वर्गातल्या सगळ्यांचे आकडे निम्म्यावर आलेत आणि दोघंजण शाळा सोडून गेले.

भीती गेलेली नाही. ती जाणारी नाही असं दिसतं. दुपारी अप्पा खुर्चीत डोळे मिटून बसतात, श्वास मोठा होतो, उतरतो, थांबतो. आता कमी वेळा थांबतो, आणि थोडाच वेळ. तरी थांबतो. मी समोर काहीतरी निवडत बसते.

आज तांदूळ होते. थांबलेला श्वास परत सुरू झाला तेव्हा ते डोळे न उघडता म्हणाले, “मंगळे.”

“काय अप्पा?”

“माझा थांबतो, तो थांबतो. त्यात माझं काही नाही. तू का धरून बसतेस?”

मी म्हटलं, मी कुठे धरलाय.

“इतकी वर्षं श्वास ऐकायचंच काम केलंय मी. माझा थांबला की तुझाही थांबतो. रोज. सोड.”

मी सोडला. किती वेळ आत होता कोण जाणे, मांडीवरच्या सुपातला कोंडा हलला.

मंगळा